टोचणारी लोकर

आबा, परवा नातीबरोबर महाबळेश्वरला गेले होते. तिथल्या दुकानात पोरीनं माझ्या गालाला लोकर लावली, "आजी, बघ किती मऊ!" माझ्या तोंडून आपसूक निघालं, "टोचत न्हाई ती लोकर कसली?" पोरगी पोट धरून हसली. वाक्य तुमचं, ठसकाही तुमचाच. म्हणून लिहायला बसले.

लढाईचे दिवस होते. जावई तुमचे फौजेत, कुठल्याशा थंड मुलखात, आणि मी मार्गासनीला तुमच्याकडं. भोरच्या शाळेत बाईंनी विणकाम शिकवलेलं, तेव्हा स्वेटर मीच विणणार नि लोकरही मीच निवडणार, असं म्हणून तुमच्यासंगं पुण्याला आले. निवडते कुठली! दुकानदारानं राखी रंगाची, लोण्यासारखी मऊ लडी पुढं ठेवली. तुम्ही ती मानेवर घासलीत. आपल्या शेतात दरसाल धनगर मेंढ्या बसवायचे, तुमचा जन्म घोंगडीत गेलेला, तुमच्या लेखी खरी लोकर टोचणारच. "शेठ, सावरीचा कापूस हाय ह्यो. फसवू नगा." तो बिचारा शपथा घेतोय, मी "आबा, खरीच हाय" म्हणून कानीकपाळी ओरडतेय, आणि तुम्ही एकेक लडी घासून बाजूला टाकताय. शेवटी कोपऱ्यातली सगळ्यांत राठ लडी घासली, मान लालभडक झाली, तेव्हा कुठं तुमचा चेहरा खुलला. चूक तुमचीच होती हो. आजही तेच म्हणते.

परतीच्या वाटेवर मी फुगून बसलेली. कात्रजचा घाट ओलांडून ती मोटार, पेट्रोल मिळेना म्हणून कोळशाच्या भट्टीवर चालणारी, शिवऱ्याला येऊन जी बसली, ती हलेना. क्लीनर भट्टी ढवळतोय, उतारू झाडाखाली. तुम्ही पिशवीतली लडी काढून दोन्ही हातांत अडकवलीत आणि माझ्यापुढं बसलात. "रागानं का व्हईना, पर गुंडाळ." मी गुंडा करू लागले. भोरला निघालेल्या बायका पदर तोंडाला लावून हसत होत्या, एवढा मिशीवाला गडी नि हाताला लोकर! मिशीवर माशी बसली तरी तुम्हाला हाकलता येईना. आणि मग माझ्याकडं न बघता म्हणालात, "फौजीला पोरगी दिली म्हून भावकी तोंडावर बोलती. म्या वाईट केलं का गं तुजं?"

"हात वर धरा, आबा. गुंतंल," मी एवढंच म्हणाले. तुम्ही मुकाट हात वर धरलेत.

स्वेटर तिकडं पोचला, पण जावयाची वाट बघत तुम्ही गेलात. म्हणून सांगते, आबा, ते आले. धडधाकट आले. अंगात तोच स्वेटर, कोपरं फाटलेली, मानेवर चट्टा. "रोज सकाळी घालताना तुझ्या बापाला शिव्या दिल्या. पर काढला न्हाई अंगातनं," असं म्हणत ताटावर बसले, आणि मी हसता हसता रडले. पुढं आम्ही जोडीनं संसार केला, कडाकडा भांडलो, पोरं वाढवली. नाही आबा, वाईट नाही केलंत. भावकीतली मंडळी तिकडं भेटली असतील, त्यांनाही ऐकवा.

नातीला दिवस गेलेत. बाळासाठी महाबळेश्वरची मऊ लोकरच घेतली, तुमचं नाही ऐकलं. आता हा कागद घडी घालून त्याच्यावरच गुंडा करणार आहे, आत काहीतरी लागतंच. लडी धरायला घरात पोरी आहेत, पण मी कुणाला बसवत नाही. खुर्चीच्या पाठीला अडकवते, आणि आसपास कुणी नाहीसं बघून हळूच तिला म्हणते, "हात वर धरा, आबा."