सणाच्या भागाला बसायचं असतं

आई,

काल दसरा झाला. संध्याकाळी मालिकेचा दसरा विशेष भाग लागला होता आणि तुझ्यासारखीच भिंतीला टेकून, पाय पसरून ती बसली होती. वाशीमकडच्या खेड्यातली ती मुलगी, लहानपणी आजीचा हात धरून दीक्षाभूमीला यायची आणि आपल्याकडे मुक्कामाला असायची, तीच. आता तिला स्वतःची लेक आहे. तू जाऊन इतकी वर्षं झाली, तरी तिचा दसऱ्याचा मुक्काम चुकत नाही. आपलं जुनं घर सोडून मी हुडकेश्वरला फ्लॅट घेतला, तर पत्ता विचारत तिथेही हजर. ती माणूस म्हणून चांगली आहे, कामाला वाघ आहे, आल्या आल्या पदर खोचून माझ्या ओट्याचा ताबा घेते. आणि मला तिचा अजूनही हेवा वाटतो. चाळिशी उलटल्यावर हे लिहायला लाज वाटायला हवी, पण तुझ्यापासून काय लपवायचं, तुला ते तेव्हाही कळत होतं.

सणाच्या भागांचं हे वेड तुझंच. दवाखान्यातली ड्युटी करून आलीस की रोजची मालिका तू स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून बघायचीस, हातात लाटणं नाहीतर निवडायची भाजी. पण दिवाळीचा, संक्रांतीचा, होळीचा भाग असला की गॅस बंद. "आज त्या बाया राबून राहिल्या ना वं, मंग आज आपण बसू," असं म्हणत तू खोबरेल तेलाची बाटली घेऊन खाली बसायचीस आणि मी तुझ्या पुढ्यात. आजोबांनी दीक्षा घेतली तेव्हापासून आपल्या घरी हे सण नव्हते आणि तुला त्यांची हौसही नव्हती. पूजा सुरू झाली की तू टीव्हीवरची नजर काढून माझा भांग नीट करायला लागायचीस. तुला बघायचं असायचं ते भरलेलं घर, जावांचे टोमणे, माहेरी आलेली लेक, रेशमी साडीत चकल्या तळणारी सून. "पाह्य, एवढं नेसून तळून राहिली, एक थेंब नाही उडत हिच्या आंगावर!" आरतीचं ताट खाली पडलं की तू मान हलवायचीस. "झालं. आता होळीलोक रडन हे." आणि ती खरंच होळीपर्यंत रडायची. मला त्या सुनेचा भारी राग यायचा. तिला नुसती चक्कर आली तरी तुझ्या डोळ्यांत पाणी, आणि मी तापानं फणफणले तर "घे गोळी अन् नीज." तरी मी सणाच्या भागांची वाट बघायचे, कारण एरवी तू बसतच नव्हतीस. पुढे नोकरी लागली, मिहानमधलं ऑफिस, तिथून घरी येईपर्यंत जीव निघतो, तरी आजवर एकही सणाचा भाग मी सोडलेला नाही. बाकी मालिकेत कोण मेलं, कोण परत आलं, मला पत्ता नसतो.

आपला सण एकच, दसऱ्यालाच येणारा दीक्षेचा दिवस, आणि त्या दिवशी तू माझी नसायचीस. दसऱ्याच्या आदल्या दिवसापासून घरात माणसंच माणसं. ओळख ना पाळख, दूरदूरच्या खेड्यांतून आलेली, पांढरी लुगडी, डोक्यावर बोचकी. तू रस्त्यावर उभी राहून त्यांना घरी बोलवायचीस. "या, माय. पाणी प्या, इथंच टेका." माझी गादी, माझी चादर, सगळं वाटून टाकायचीस. एका वर्षी अशीच ती पहिल्यांदा आली, आजीबरोबर. संध्याकाळी सगळे टीव्हीसमोर बसले. मालिकेतल्या घरात आपट्याची पानं वाटणं चाललं होतं. मी दर दसऱ्याला वाट बघायचे की आज तरी त्यांच्या घरात कुणी पांढरं नेसेल, मेणबत्ती लावेल. नाहीच कुणी. "आई, त्याइच्या घरी आपला सण काहून नाही येत वं?" मी विचारलं. तू म्हणालीस, "त्याइच्या घरात जागा नसन. आपल्या घरात आहे, म्हणून येते." सगळे हसले. मी हसले नाही, कारण तोवर ती तुझ्या पुढ्यात बसली होती, तिचे बिनतेलाचे भुरकट केस तुझ्या हातात होते आणि तू तिला मालिकेतल्या जावा ओळखवून देत होतीस, "हे थोरली, मनाची चांगली. हे धाकटी, कळलावी." मी म्हटलं, "अन् मी?" तू वर न बघता म्हणालीस, "तुयं वर्षभर आहे. आज तिले बसू दे."

वर्षभर! वर्षभर कुठे होतं, आई? तू वर्षभर उभी होतीस.

काल ती तशीच बसली होती, पुढ्यात तिची लेक, शेजारी माझ्या कपाटातली तेलाची बाटली. मी दारात उभी राहून बघत होते. ती पोर मला म्हणते, "मावशी, बसा ना. सणाचा भाग उभ्यानं नाही पाह्यत." तुझा कायदा, आणि तो मला शिकवते वाशीमची पोर. मी जरा तिखटपणेच विचारलं, "कोनं सांगतलं तुले?" उत्तर तिच्या आईनं दिलं. "आईनं सांगतलं होतं मले." तुला ती आजही आईच म्हणते. मग वेणीचा शेवटचा पेड घालत म्हणाली, "ताई, मी तुमचा लय राग करत होती. जाताना एसटीत रडत जाये. मले एक दिवस भेटे, अन् तुम्हाले वर्षभर." टीव्हीवर कुणाच्या तरी हातून ताट पडलं. तिनं लेकीला बाजूला सरकवलं आणि पुढची जागा थोपटली. "या. केस सोडा."

मी बसले. अर्धे पिकलेले केस, विरळ, पण तिनं ते सगळे गोळा केले. कानामागची बट ओढून घेताना तू द्यायचीस तसा एक हिसका दिला. तोच हिसका, आई. मी तो विसरले होते आणि तिच्या बोटांनी जपून ठेवला होता. दर दसऱ्याला तो तिनं घेतला आणि मी बाजूला बसून बघितला, हा हेवा तेव्हाही मनातून गेला नाही. पण उठले नाही. मालिकेत पुढे काय झालं ते मला सांगता येणार नाही.

आज सकाळी त्या दोघी एसटीनं गेल्या. हे पत्र लिहून झालं की घडी घालून तेलाच्या बाटलीखाली ठेवीन, तिथून ते कुठे जायचंय. ऑफिसला निघताना आरशासमोर उभी राहिले, कंगवा हातात घेतला आणि परत ठेवला. वेणी मी अजून सोडलेली नाही.