पालथा तांब्या

सातारा,
मंगळवार, १७ जानेवारी १९७८

प्रिय धरणू,

तुझं पत्र पोचलं. शनिवारी येऊन दिवा घेऊन जाणार, मुंबईच्या प्रदर्शनात तो मधोमध टांगणार, तिथल्या लोकांना पसंत पडला तर टाकाऊतून वस्तू घडवायची तुझी माधवनगरची शेड चालणार, नाहीतर तिला कुलूप लागणार, हे सगळं वाचलं. “अक्का, देशील ना?” असं खाली वेगळ्या ओळीत लिहिलंयस. उत्तर या पत्रात आहे, पण शेवटी आहे. मधलं गाळून शेवट वाचायची तुझी खोड मला लहानपणापासून ठाऊक आहे. या खेपेला ती केलीस तर शनिवारी दारातच कान धरीन. पस्तिशीचा झालास म्हणून कान काही लांब गेलेले नाहीत.

आधी तुझ्या स्टुलाची खबर देते. कारखान्यातलं उसाचं चिपाड दाबून केलेलं ते स्टूल दिसायला देखणं आहे, आल्यागेल्याला मी कौतुकानं दाखवते. तुझे दाजी त्यावर बसून पेपर वाचतात आणि खालून मुंग्या दाजींना वाचतात. चिपाडातली साखर सगळी निघून गेलेली असते असं तू म्हणाला होतास. हे मुंग्यांना कुणीतरी कळवायला हवं. त्यांना मारायची आपल्या जैनांत सोय नाही, म्हणून मी रोज स्टूल अंगणात नेते आणि त्यांना हात जोडून उतरायला सांगते. तुला डिझाइन शिकवणाऱ्या अहमदाबादच्या गुरुजींनी या कामाला काय नाव दिलंय ते पुढच्या पत्रात लिही.

थट्टा करते म्हणून रुसू नकोस. तू करतोयस ते चांगलं आहे हे मला कळतं. फक्त ते नवं आहे असं तू म्हणालास की मला हसू येतं. आपल्या आईचं लुगडं विरलं की त्याचं पाणी गाळायचं फडकं व्हायचं, फडकं विरलं की हात पुसायचं, मग भुई पुसायचं, आणि उरलेल्या चिंधीची ती वात वळायची. शेवटी त्या लुगड्याचा उजेड व्हायचा. तिला कुणी डिप्लोमा दिला नाही की तिच्या भाषणाला कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. तुला ही बुद्धी कुठून आली ते मात्र मला तेव्हाच कळलं, जेव्हा तू मोडीत घालायला काढलेल्या जुन्या भांड्यांच्या ढिगातून तिचा पितळी तांब्या उचललास आणि म्हणालास, “हा वितळवायचा नाही. कोळसाही वाचेल आणि घाटही टिकेल.” बुडाला भोक पाडलंस, त्यातून वायर ओवलीस, आत दिव्याची बैठक बसवलीस, आणि दिवाळीत माझ्या बाहेरच्या खोलीत तो पालथा टांगलास. खाली चटईवर बसून किती वेळ त्याच्याकडे बघत होतास. उजेड खरंच सुरेख पडतो रे, चटईवर गोल, मधाच्या रंगाचा.

आता ऐक. तुझं पत्र आलं त्या दिवशी दुपार कलल्यावर मी आतून बाहेर आले, तर तू बसला होतास ती चटई ओली होती. बांगडीएवढा ओला डाग, अगदी गोल. मांजर म्हणावं तर मांजर नाही. कौलं म्हणावीत तर पौष महिना. वर पाहिलं तर तांब्याच्या ओठाला एक थेंब लोंबत होता. माझ्यादेखत पडला. मग दुसरा जमला.

तुझे दाजी शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालेले असल्यामुळे त्यांना दर गोष्टीचं कारण लगेच सापडतं आणि दुसऱ्या दिवशी ते बदलतं. पहिल्या दिवशी हवेतलं बाष्प होतं. दुसऱ्या दिवशी शेजारच्यांची मोरी होती, जी आमच्या भिंतीपासून चार घरं लांब आहे. तिसऱ्या दिवशी त्यांनी वायरमन आकारामला बोलावलं. त्यानं दिवा काढला, वायर तपासली, तांब्यात हात घातला आणि झटक्यानं बाहेर काढला. “मास्तर, करंट न्हाई ह्याच्यात,” तो म्हणाला, “पर आत गारठा लय हाय. हिरीत हात घातल्यागत.” चहा न घेताच गेला. धुण्याभांड्याची शालूबाई म्हणाली, “आवं बाई, तांब्या तान्हेला आसंल. भरा की त्यो.” मी म्हटलं, शालूबाई, आमच्या भावानं त्याच्या बुडाला भोक पाडलंय, भरू कसा? त्यावर तिनं तुझ्याबद्दल जे म्हटलं ते मी इथं लिहीत नाही.

खाली वाटी ठेवून पाहिली. थेंब वाटीत पडतच नाही. वाटी असेपर्यंत ओठाला धरून राहतो, वाटी उचलली की पडतो. दाजींनी तळहात धरला, तरी तेच. माझ्या हातावरही पडला नाही. शेवटी मी चटईवरचा ओलावा बोटानं टिपून जिभेला लावला. धरणू, आमच्याकडे नळाला कासचं पाणी येतं, गोड आणि हलकं. हे तसं नव्हतं. हे मचूळ होतं. सांगलीच्या आपल्या घरामागच्या विहिरीचं, ज्याच्या पहिल्या घोटाला पाहुणे तोंड वाकडं करायचे आणि आई म्हणायची, “दुसरा घोट घ्या, सवय होते.” मी तिथंच भुईवर बसले.

तू म्हणशील, अक्का दिवाळी अंकांत लोकांच्या भुताखेतांची टवाळी करते आणि आता स्वतःच घाबरली. घाबरले. आपल्या धर्मात जीव देह सोडतो तो लगेच पुढच्या जन्माला लागतो, कुठं लोंबकळत राहायची सोयच नाही, हेही मला पाठ आहे. मी ते तांब्यासमोर उभी राहून मोठ्यानं म्हणूनही पाहिलं. थेंब पडत राहिला. तो फक्त सूर्य मावळतीला लागल्यापासून मावळेपर्यंत पडतो. उन्हाची शेवटची पट्टी भिंतीवरून गेली की थांबतो, आणि डाग बघता बघता सुकतो. मावळल्यावर पाणी नाही. हा नेम कुणाचा होता ते मी तुला सांगायला नको.

आणि आता जे तुला कुणीच सांगितलेलं नाही ते सांगते. आईनं सल्लेखना घेतली तेव्हा तू अहमदाबादला होतास. तुला पत्रांतूनच कळत गेलं: आधी अन्न सोडलं, मग दूध, मग ताक, शेवटी पाणीही. आपल्या खुशीनं, हसतमुखानं सोडलं. तिला तहान नव्हती, धरणू. शेवटपर्यंत मी जवळ होते, ओठ कोरडे होते पण डोळ्यांत मागणं नव्हतं. एवढ्यासाठी तरी तू मनाला लावून घेऊ नकोस. पण तुला आदल्या दिवशी तार केल्याचं तिला कळलं त्या सकाळी तिनं मला विहिरीचं पाणी काढायला लावलं, फडक्यातून गाळायला लावलं आणि तो तांब्या भरून उशाशी ठेवायला लावला. मी बावरले, वाटलं नेम मोडतेय की काय. ती पुटपुटली, “माझ्यासाठी नव्हं गं. धरणू रेल्वेचा येणार, तान्हेला येणार. त्याला कुणी इचारायचं न्हाई ह्या गर्दीत.” दिवसभर तिचा हात तांब्यावर होता. दर्शनाला आलेली माणसं पाया पडत होती, कुणाला वाटलं मंगल कलश असेल. दिवस मावळला तेव्हा अंबूबाई आत्यांनी नेहमीच्या शिस्तीनं घरातली सगळी पाण्याची भांडी रिकामी करून पालथी घातली. त्यात तोही गेला. पाणी परसातल्या नारळाला घातलं. थोड्या वेळात आई गेली. तू त्यानंतर आलास, धुळीनं भरलेला, आणि खरंच तुला कुणी पाणी विचारलं नाही. तसाच सकाळपर्यंत कोपऱ्यात बसलास. पुढं महिनाभर तू “उशीर झाला” एवढंच बोलत होतास, म्हणून हे आम्ही कुणी तोंडातून काढलं नाही. आणि मग इतक्या वर्षांनी त्या सगळ्या भांड्यांतून तू नेमका तोच उचललास, आणि कायमचा पालथा टांगलास.

तेव्हा तुझ्या प्रश्नाचं उत्तर: दिवा ने. मुंबईला टांग, शेड चालव, मी अडवणार नाही. फक्त आधी माझ्या घरी चटईवर बस आणि ओंजळ धर. शनिवारी सकाळचीच एसटी पकड, कराडच्या स्टँडवर कुणाशी गप्पा मारत बसू नकोस, हल्ली दिवस लवकर मावळतो. या खेपेला उशीर करायचा नाही. शनिवारपर्यंत दम न धरता तुला पत्र का लिहितेय ते सांगते. वायर ओळंब्यासारखी सरळ आहे, दाजींनी दोरी धरून पाहिली, पण परवापासून मावळतीला तांब्या थोडा तिरका होतो, तू बसला होतास त्या बाजूला. काल आणखी झुकला. आज तर कुणी पाणी घालायला वाकावं तसा पुरता कलला होता आणि थरथरत होता. शनिवार नको, हे पत्र हातात पडेल त्याच दिवशी ये. तिचा हात भरून आला असेल रे.

तुझीच,
राजूअक्का