संस्थापकांना हार

३ जून २००८, सकाळ
शुद्धलेखन चुकलं तर माफी. टायपिंगपण स्लो आहे, एका बोटाने. वाचणार मीच, तरी सांगून ठेवतो.
नववीत शाळा सोडली. उभं राहून बोलायला लावायचे. तसं मला बोलता येतं, फक्त समोर माणूस नको. आता वारज्यात आनंददादाच्या सायबर कॅफेत बसतो.
आज मोठं काम आलं. मांजरीची बेथसायदा युनिव्हर्सिटी. प्रायव्हेट, ख्रिश्चन. वेबसाइटवर तिच्या ओव्हरव्ह्यूचं पान करायचंय. तिथल्या उजगरे मॅडम म्हणाल्या, पान जमलं तर कॉम्प्युटर कोर्सला घेऊ, दहावी नसली तरी.
म्हणजे घेतलंच.

४ जून
माहिती मिळाली. कुठल्याही धर्माचे चालतात. लायब्ररी, होस्टेल, स्वतःची डेअरी. सकाळी चॅपलमध्ये प्रार्थना, पण कंपल्सरी नाही. वर्गात बोलणं कंपल्सरी आहे का, ते दिलेलं नाही. नसणारच. युनिव्हर्सिटी आहे ती.
आईला सांगितलं, मी युनिव्हर्सिटीत चाललोय. म्हणाली, जाताना दळण टाकून जा.

६ जून
पान रेडी. संस्थापक डॉ. बर्नबा शिरसाठ यांचा फोटो मात्र ओका-बोका दिसत होता. आमच्या शाळेत संस्थापक म्हणजे भिंतीवर, हार घातलेले. मीपण फोटोशॉपमध्ये झेंडूचा हार घातला. खाली समई. मॅडमना विचारणार होतो, पण फोनवर बोलावं लागलं असतं. डायरेक्ट अपलोड.

९ जून
मॅडमचा फोन. दादाने घेतला. डॉक्टरांच्या घरी कालपासून लोक भेटायला येतायत. दार डॉक्टर स्वतःच उघडतायत.
दादा म्हणाला, अरे शहाण्या, जिवंत माणूस आहे तो!
हे आधी सांगायला काय झालं होतं?
समई काढली. हार निघत नाही.

११ जून, दुपार
डॉ. शिरसाठ कॅफेत आले. दादाला म्हणाले, अहो, मला वर पोचवणारा कुठाय, बघू तरी. हसत होते. म्हणाले, बाकी पान छान झालंय, घेतो त्याला. इंटरव्ह्यू म्हणून फक्त समोर येऊन नाव सांगू दे.
मला सगळं ऐकू येत होतं. मी टेबलाखाली केबल चेक करत होतो. दादा हाका मारत होता. पण केबलचं काम मध्येच सोडता येत नाही.
डॉक्टर चहा पिऊन, वाट बघून, मग उठले. तेवढ्यात प्रिंट काढायला आलेल्या नम्रताने स्वतःचं नाव सांगितलं.
तिला घेतलं.

१२ जून
नीट विचार करून युनिव्हर्सिटी मीच नाकारली. मांजरी लांब आहे.
आणि डेअरी काय, इथेपण आहे. कॅफेच्या मागच्या गोठ्यात शेजारच्या मथुराबाईंची म्हैस आत्ताच व्याली. पारडी झाली.