सरकार नसलेलं घर

ता. ३ फेब्रुवारी

चि. पंडितास ताईचे अनेक आशीर्वाद.

तुझं रेडिओवरचं भाषण ऐकलं. मी सगळ्या गल्लीत दवंडी पिटली होती. शेजारच्या शिंपीणकाकू तर खुर्ची घेऊनच आल्या. बाबांना मीच रेडिओजवळ बसवलं. घशाच्या ऑपरेशनात त्यांचा आवाज गेला, कान शाबूत आहेत, हे तू विसरलास का रे?

तो नववास्तववाद माझ्यासारखीलाही कळला. राष्ट्रं दुष्ट नसतात, पण त्यांच्या वर कुणी नसतं, म्हणून जो तो आपलं बळ वाढवतो आणि ते बघून शेजारी घाबरतो. छान सांगितलंस. पण दाखल्याला आपलंच घर सापडलं? तू विकशील या भीतीने दादाने बाबांच्या बाइंडिंगच्या खोलीला कुलूप लावलं, तो भाड्याने देईल या भीतीने तू त्यावर दुसरं ठोकलंस. इथवरही ठीक. पुढे म्हणालास, घरात सरकार उरलं नाही की असंच व्हायचं.

अरे शहाण्या, बाबांना अख्खी गल्ली काय म्हणते? सरकार! काकूंनी मान खाली घातली. धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं मला.

तेव्हापासून बाबा खिडकी उघडायलासुद्धा परवानगी मागितल्यासारखे माझ्याकडे बघतात. चहा हवा असला की पेला टेबलावर आपटायचे, मी चिडायचे. आता नुसते बसून राहतात. काय करू, तूच सांग.

रागावलेली, तरी तुझीच,
ताई

ता. ९ फेब्रुवारी

ती. ताईस सा. न. वि. वि.

तोंड दाखवायला जागा उरली नाही. वर्गात दरवर्षी हाच शब्द वापरतो, तोच तोंडात आला, असं आधी लिहिलं आणि खोडलं. शब्दाचं सोड. मी कुलूप लावत होतो तेव्हा बाबा दारातच स्टुलावर बसले होते. मी त्यांना जरा सरका म्हणालो. ते सरकले. त्यांची खोली, त्यांचं कटिंग मशीन, आणि त्यांना विचारावं हे माझ्या मनातही आलं नाही. लाज वाटते गं.

माझं शास्त्र सांगतं, आधी हत्यार खाली ठेवतो तो मूर्ख. असू दे. सोबत माझी चावी आहे. ती बाबांनाच दे. हे पत्रही वाचून दाखव. त्यांच्यासमोर यायचा मला धीर होत नाही.

रागव, पण लिहीत जा.
तुझा पंडित

ता. १५ फेब्रुवारी

चि. पंडितास आशीर्वाद.

चावी पोचली. दादाने उलटीपालटी करून पाहिली, म्हणाला यात काहीतरी डाव आहे. शोभता हो भाऊ एकमेकांचे!

बाबांना पत्र वाचून दाखवलं, ‘सरका’सकट. ते उठले, तुझं कुलूप काढून आणलं, दादाच्या ताटाशेजारी ठेवलं आणि त्याच्यापुढे हात पसरला. दादा खिसे चाचपत बसला. चावी सापडत नाही म्हणतो. बघू किती दिवस सापडत नाही ते.

आज सकाळी माझ्या हातून चहाला उशीर झाला. बाबांनी असा पेला आपटला, की शिंपीणकाकू धावत आल्या. मी स्वयंपाकघरात उभी राहून रडले.

पेल्याला तडा गेलाय. येताना नवा घेऊन ये, चांगला जाड बघून.

वाट बघणारी,
ताई