बंद पाठीचे हेडफोन

४ ऑगस्ट २००२, रविवार

वार्षिक सभा ८ सप्टेंबरला. द्राक्षवेल सोसायटीच्या चेअरमनपदासाठी मी उभी राहणार. सोळा फ्लॅट. त्यांत डोकं वापरणारी माणसं मोजायला एका हाताची बोटं उरतात.

विरोधात पहिल्या मजल्यावरचा सावळीराम. विंचूरला कांद्याचा व्यापार. त्याचा टेम्पो रोज दुपारी पावणेतीनला आवारात येतो आणि रिव्हर्स घेताना सिनेमाचं गाणं वाजवतो. माणसं झोपेतून दचकून उठतात. माझा मुद्दा एकच: शांतता.

हे त्याला गेटपाशी स्पष्ट सांगितलं. तर चार लोकांसमोर म्हणाला, "मॅडम, माझा टेम्पो दोन मिनिटं वाजतो. तुमच्या घरातलं भूत दोन तास किंचाळतं. आधी ते बाहेर काढा."

चौघेही हसले. चौघांची नावं लिहून ठेवली आहेत.

५ ऑगस्ट

भूत म्हणजे रूपालीचं संगीत. मुलगी इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आणि ऐकते हेवी मेटल. कॅसेटवर सांगाडा. सांगाड्याच्या हातात गिटार. गाणारा माणूस गात नाही, त्याची दाढ कोणीतरी भूल न देता उपटत असतो.

बंदी घालता येईल. पण मग ती होस्टेलला जाईन म्हणते. ह्यांना विचारलं. म्हणाले, "पोरगी आहे, ऐकू दे की." रंगनाथरावांनी आयुष्यात यापेक्षा मोठा निर्णय घेतलेला नाही. सकाळी पिंपळगावला बागेवर जायचं, सहाला परत यायचं, जेवायचं, झोपायचं.

उपाय मीच काढला. हेडफोन. मी १९६६ ची बी.एस्सी. आहे, फिजिक्स. एकतीस वर्षं मुलींना ध्वनी शिकवला. आवाज ही लहर आहे, अडवली की संपली. एका तासाचं काम.

७ ऑगस्ट

मेन रोडवरून हेडफोन आणले. पातळ पट्टी, कानांवर स्पंजच्या चकत्या. रूपालीच्या कानांवर बसवले. ती आत, मी हॉलमध्ये. हॉलमध्ये तव्यावर मोहरी तडतडल्यासारखा आवाज. म्हणजे सगळी लहर बाहेर.

रूपाली म्हणाली, "आई, हे बातम्या ऐकायचे हेडफोन आहेत."

दुकानदाराला हे सांगता आलं नाही? देशात कोणालाच आपल्या कामाची माहिती नाही.

९ ऑगस्ट, शुक्रवार

एम.जी. रोडवर गोरक्ष नावाच्या गृहस्थाचं दुकान. तोंडात सुपारी. विचारतो, "मॅडम, बास पाहिजे का ट्रेबल?" मी म्हटलं, मला शांतता पाहिजे. सुपारी चघळायचा थांबला.

मग जरा बरं बोलला. कान पूर्ण झाकणारे हवेत आणि पाठ बंद हवी. जाळीची पाठ असली की आवाज मागून बाहेर. हेवी मेटलला आणखी एक अट: ढोल दोन पायांनी वाजवतात, फार जलद. हेडफोन भिकार असला की सगळ्याचा लगदा होतो. लगदा झाला की ऐकणारा आवाज वाढवतो. वाढवला की गळतो.

तर्क बरोबर आहे. शाळा किती शिकलास, विचारलं. नववी. तर्क जमला तो नशिबाने.

त्याने भावगीतं लावून दाखवली. मी सांगितलं, ज्या रोगावर औषध घ्यायचं त्याच रोगावर तपासायचं. उद्या कॅसेट घेऊन येते.

१० ऑगस्ट

सांगाड्याची कॅसेट पर्समध्ये घेऊन गेले. वर रुमाल. पाच हेडफोन तपासले, प्रत्येकी तेच तिसरं गाणं.

पहिला: गाणारा माणूस पिंपात. दुसरा: ढोल पुढे, गिटार मागे, शिस्त नाही. तिसरा: कान दुखला. चौथा: लगदा. पाचवा: ढोलाचे दोन्ही पाय वेगळे ऐकू येतात. डावा किंचित आळशी आहे.

गोंगाट तो गोंगाटच. पण गोंगाट स्वच्छ असला पाहिजे.

पाचवा घेतला. जड, काळा, कुकरच्या झाकणासारखा. गोरक्ष म्हणाला, "मॅडम, तुम्हाला कान आहे." असली दुकानदारी स्तुती माझ्यावर चालत नाही. दोनदा म्हणाला.

१३ ऑगस्ट

यशस्वी. रूपाली संध्याकाळी आत बसते, हॉलमध्ये टाचणी पडली तरी ऐकू येईल. घरातलं भूत संपलं, असं सावळीरामला जिन्यात ऐकवलं. "बघू," म्हणाला. बघण्यासारखं काही उरलेलं नाही हे त्याला कळलं नाही.

पण एक शंका. रूपाली आवाज हळू ठेवते का मोठा? मोठ्यात गळत असेल तर सभेत तोंड दाखवता येणार नाही. पूर्ण आवाजाची चाचणी हवी. ती कॉलेजात, हे बागेवर, तेव्हा करावी. दुपारी दोन ते चार.

१४ ऑगस्ट, दुपारी ४.१०

चाचणी केली. पूर्ण आवाज. एक अडचण: अंबाड्यामुळे पट्टी नीट बसत नाही, फट राहते. केस मोकळे सोडले. मग घट्ट बसले. घट्ट बसले की नाही हे पाहायला मान जोरात हलवून पाहिली. निसटत नाहीत.

एका दिवसाच्या चाचणीवरून निष्कर्ष काढणं अशास्त्रीय. आठवडाभर करावी लागेल.

१७ ऑगस्ट

कॅसेटच्या आत गाण्याचे शब्द छापलेले सापडले. इंग्रजी लाजिरवाणं. एका ओळीत क्रियापदच नाही. लाल पेनने दुरुस्त केलं. उच्चार तर विचारूच नये. गाणाऱ्याबरोबर शब्द म्हणत गेलं की तो कुठे चुकतो ते कळतं. अर्थात मनातल्या मनात.

तिसऱ्या गाण्याच्या शेवटी तो सतरा सेकंद एकच स्वर धरतो. पोटातून. छातीतून धरला तर नऊ सेकंदांत दम संपतो.

२० ऑगस्ट, मंगळवार

घसा बसला आहे. गेटबाहेर रस्ता खणून ठेवला आहे, त्याची धूळ. महापालिकेला पत्र लिहिणार.

भागीबाई भांड्यांना अडीचला येते. गेला आठवडा गावाला होती. आज मागच्या दाराने आली आणि मागच्या मागे गेली असावी, कारण भांडी तशीच आणि दार सताड उघडं. संध्याकाळी उगवली. चपला खाली जिन्यातच काढलेल्या. उंबऱ्याला हात लावून कपाळाला लावला. विचारलं, काय झालं? म्हणाली, "काय नाय बाई. तुमी बसा. मी उद्यापासून बाराला येत जाईन."

पंधरा वर्षांत पहिल्यांदा या बाईने वेळ आधीची मागितली. सभेपूर्वीच शिस्त येऊ लागली आहे.

२३ ऑगस्ट, शुक्रवार

तळमजल्यावरच्या मालनबाई आल्या. मूळच्या सायखेड्याच्या, अक्षरशत्रू, पण बायकांत वजन. सोबत सून सुवर्णा. मालनबाईंनी माझी ओटी भरली. खण, नारळ, तांदूळ. श्रावणी शुक्रवार, चालायचंच. मी असल्या गोष्टी मानत नाही, पण मतदार आहेत.

मालनबाई म्हणाल्या, "दुपारचं आमी समद्यांनी ऐकलं. अंगावर काटा आला बगा."

बुधवारी दुपारी मी महिला मंडळात ध्वनिप्रदूषणावर बोलले होते. इतका परिणाम होईल असं वाटलं नव्हतं. भाषणात दम होता हे खरं.

मग म्हणाल्या, "घरातली जुनी नथ घावत नाय. कुटं गेली आसंल?" मी काय पोलीस? वैतागून सांगितलं, देवघरात बघा, दिवसभर तिथेच तर असता. दोघी एकमेकींकडे बघून उठल्याच.

२४ ऑगस्ट

नथ देवघरात सापडली. समईच्या मागे. मालनबाई जिन्यात माझ्या पाया पडल्या. थोरल्या माझ्यापेक्षा. मी मागे सरकले. साधी तर्कबुद्धी वापरली तरी लोकांना चमत्कार वाटतो, इतका दुष्काळ आहे.

२७ ऑगस्ट

नारळ: चार. रोज कोणीतरी येतं. तिसऱ्या मजल्यावरची उज्ज्वला मुलाला घेऊन आली, दहावीला पास होईल का विचारलं. मी म्हटलं, अभ्यास केला तर होईल, नाही तर नाही. तिने डोळे मिटून घेतले. म्हणाली, "तुमचा शब्द." मुलगा रडायला लागला.

माझ्या बाजूची मतं मोजली: नऊ. सावळीरामला कळवायला हवं.

आजची चाचणी पावणेदोन तास. बी बाजू ए बाजूपेक्षा बरी.

३० ऑगस्ट

रूपालीने आरोप केला. हेडफोनच्या गाद्यांना खोबरेल तेलाचा वास येतो. शिवाय कॅसेटमधल्या कागदावर लाल पेनने "क्रियापद?" कोणी लिहिलं? मी म्हटलं, ज्यांना क्रियापदाची चाड आहे अशा कोणीही.

तिने गादी पुन्हा एकदा हुंगली. "आई, दुपारी तू घरी काय करतेस?"

"सभेची तयारी." खरंच आहे.

१ सप्टेंबर, रविवार

नियमावली टाईप करून घेतली. कलम चार खास सावळीरामसाठी: 'दुपारी दोन ते चार या वेळेत ज्याच्या घरातून अथवा वाहनातून मोठा आवाज येईल, तो सभासद तीन वर्षे समितीवर राहू शकणार नाही.' ह्यांना वाचून दाखवलं. म्हणाले, "कशाला गं इतकं? टेम्पोच आहे." मी म्हटलं, नियमाला दया नसते. ते जेवत राहिले.

४ सप्टेंबर

सावळीराम बदलला आहे. आज मी दिसताच टेम्पोचं इंजिन बंद केलं, खाली उतरला आणि टेम्पो दोन हमालांकडून ढकलून आत नेला. गाणं नाही. नमस्कार केला, मान खाली. वर बघेना.

माणूस आतून खचला की असं होतं. दया आली नाही. नारळ: सात.

आवाज अजून बसलेलाच. मिठाच्या गुळण्या. भाषणाआधी मोकळा व्हायला हवा.

८ सप्टेंबर, रविवार, संध्याकाळी ७

सभा दहाला, पार्किंगमध्ये. माझ्या आग्रहाने पहिला विषय शांततेचे नियम. कलम चार मी स्वतः वाचलं. एकमताने मंजूर. सावळीरामनेही हात वर केला. स्वतःच्या हाताने स्वतःचं दार लावून घेतोय, इतकंही त्याला कळेना.

मग निवडणूक. सावळीराम उठला. चपला काढल्या. पार्किंगमध्ये, ऑईलच्या डागावर. हात जोडून माझ्यापुढे उभा. "माझा अर्ज मागं घेतो. आई, टेम्पोवरून उलट बोललो. लेकराला पदरात घ्या."

बावन्न वर्षांचं लेकरू.

मागून मालनबाई ओरडल्या, "बोला, सप्तशृंगी मातेचा उदो उदो!" सगळ्या बायकांनी उदो केला. भागीबाई, जी सभासदही नाही, तिने सगळ्यांत मोठ्याने केला. म्हणाली, "मी सोताच्या डोळ्यांनी पायलं. केस मोकळे, मान अशी घुमत होती, आन काय तो आवाज! देवी दुसऱ्याच भाषेत बोलत होती."

सगळं एकदम कळलं. नारळ. नथ. उंबरा. घसा.

मी उभ्या उभ्या नियमावलीची घडी केली, उलगडली, पुन्हा केली. वर्गासमोर असं एकतीस वर्षांत झालं नव्हतं. खुर्ची समोर होती. नुसती बसले असते तर चेअरमन झाले असते. ह्यांनी माझा पदर ओढला आणि हळूच म्हणाले, "बस की."

पण अंगात येणं हे थोतांड आहे, असं मी सातवीच्या एकतीस बॅचना सांगितलं आहे.

म्हणून तेच सांगितलं. माझ्या अंगात कोणीही येत नाही. मी रूपालीच्या टेपवर इंग्रजी गाणी ऐकते. हेडफोन लावून. कदाचित थोडं सोबत म्हणत असेन.

मालनबाईंना पटायला वेळ लागला. "म्हंजे ताई, त्यो आवाज तुमचा सोताचा?"

"हो."

"देवीचा नाय?"

"नाही."

त्यांनी पदर खोचला. "मंग माजा नारळ परत द्या."

रूपालीने ओढणी तोंडात कोंबली होती. खांदे हलत होते.

सावळीरामने चपला घातल्या. सावकाश, आधी डावी, मग उजवी. मग अगदी अदबीने, "मॅडम, ते कलम चार जरा परत वाचता का?"

वाचलं. उच्चार स्पष्ट ठेवले.

११ सप्टेंबर, बुधवार, दुपारी ३

सावळीराम चेअरमन, बिनविरोध. कलम चारने माझा अर्ज बाद, त्याने मागे घेतलेला पुन्हा पुढे केला. पावणेतीनला टेम्पो रिव्हर्स आला, गाणं पूर्ण वाजलं. चेअरमनचा टेम्पो असल्याने तक्रार करायला कोणी नाही. मी लेखी करणार आहे.

पाच नारळ परत गेले. दोन नारळांचं काल मोदकांचं सारण झालं होतं. मालनबाईंना मोदक पाठवले. त्यांनी ठेवून घेतले आणि निरोप पाठवला, नथ सापडली ती कशी मग? अशा माणसांशी वाद काय घालायचा.

हेवी मेटल हा प्रकार किती घातक आहे याचा मला आता प्रत्यक्ष पुरावा आहे. हेडफोन गोरक्षला परत करायचे ठरवलं, रूपालीला तसं सांगितलं. तिने ते आणून माझ्या पलंगावर ठेवले आणि कॉलेजला निघाली. दारातून म्हणाली, "आई, तिसऱ्या गाण्याच्या शेवटी तोंडावर उशी धरायची. मीपण तेच करते."

मूर्ख मुलगी.

उशी सावरीच्या कापसाची आहे. असा कापूस आवाज किती अडवतो, हे पाठ्यपुस्तकात कुठेही दिलेलं नाही. परत करण्यापूर्वी एकदा तपासून घ्यायला हरकत नाही. मागच्या दाराला कडी घातली.

केस सोडले.