मोटर लावली की जीप येते

गिरीज, ४ मार्च

चि. रंभास हरेश्वरदादाचे अनेक आशीर्वाद. वि. वि. फोनवर मला धड ऐकू येत नाही, म्हणून केळीची पानं नेणाऱ्या शेजारच्या ऑस्टिनच्या टेम्पोबरोबर पत्र देतोय.

तुला ठाऊकच आहे, संध्याकाळी मी विहिरीवरची मोटर लावतो नि तुझी वहिनी वाडीच्या त्या टोकाला केळींना पाणी वळवते. मोटरच्या आवाजात ओरडल्याशिवाय ऐकू जात नाही. ती मला आंधळा म्हणते, मी तिला बहिरी म्हणतो, पाणी पुढे जातं. लग्न झाल्यापासून असंच. पण मागच्या नव्या बिल्डिंगमधलं कोणीतरी घाबरून पोलिसांना फोन करतं. बायकांच्या छळाचा नियम आता कडक झालाय म्हणे. फोन आला की जीप यायलाच हवी. परवा आली, काल आली, आजही आली. स्वप्नाबाई नावाच्या लेडी पोलीस वहिनीला बाजूला घेऊन विचारतात, काकी, काही त्रास आहे का? असं तिला आजवर कोणी विचारलं नव्हतं. ती खुर्ची मागवते नि लग्नातल्या मानपानापासून सुरुवात करते. त्रास नाही अशी सही दिली तर फाईल बंद होईल, पण ती म्हणते, अजून सांगून झालं नाही. सरकारचं डिझेल जळतंय. मला आत टाकतील का गं?

आत असलो तरी माया ठेव.

तुझा दादा


सातिवली, ७ मार्च

ती. हरेश्वरदादास धाकट्या रंभाचा शि. सा. नमस्कार.

तुझं पत्र वाचून हसावं की रडावं कळेना. पत्र मिळालं त्याच संध्याकाळी धनेशने संजनाला पुन्हा मारलं. मुलगा माझा, पण या वेळी मीच पोलिसांना फोन लावला. तर म्हणाले, दोन्हीकडे मिळून जीप एकच, ती गिरीजला गेलीय, तिथलं प्रकरण मोठं दिसतंय. जीप आली सकाळी. तोवर धनेश कामावर गेला होता, नि सुनेने मोरीत पडले म्हणून सांगितलं.

दादा, ते मोठं प्रकरण म्हणजे तुम्ही दोघं. मोटर बंद ठेव. वहिनीला म्हणावं, मानपानाचं मला सांग, मीही होते तिथे.

रागावले तरी तुझीच.

रंभा


गिरीज, १२ मार्च

चि. रंभास अनेक आशीर्वाद.

मोटर बंद केली. केळींनी माना टाकल्या. मग वहिनीच म्हणाली, जीप संजनाकडे जात नसेल तर संजनाला जीपकडे आणा. ऑस्टिनच्या टेम्पोत तू तिला बसवून दिलंस, त्यापुढचं कळवतो.

काल धनेश तिला न्यायला आला. आधी मामा मामा करत पाया पडला, मग तिचा दंड धरून ओढायला लागला. दुसरं काही सुचेना, म्हणून जाऊन मोटर लावली नि वहिनीला बहिरी म्हणालो. तिनेही काही बाकी ठेवलं नाही. बिल्डिंगच्या खिडक्या उघडल्या. जीप आली.

स्वप्नाबाईंनी सवयीने आधी मलाच धरलं. वहिनीने धनेशकडे बोट केलं. संजनाचा दंड अजून त्याच्या मुठीत होता. बाईंनी तिलाही तेच विचारलं. संजना वहिनीच्या खुर्चीवर बसली नि हो म्हणाली. धनेशला घेऊन गेले. तू आई, मी मामा; घरात कोणी जेवलं नाही.

माझी फाईल तशीच आहे. वहिनी म्हणते, तो सुटून येईल तेव्हा जीपला आपली वाट पाठ असलेली बरी. म्हणून आजपासून पुन्हा मोटर नि पुन्हा ओरडणं. पण त्या वेळेत दुसरी कोणी फोन लावून बसली असेल, हे मनातून जात नाही. तेव्हा आम्ही भराभर ओरडून घेतो, नि वहिनीने मानपान आवरता घ्यायचं कबूल केलंय.

सुनेची काळजी नको, तुझी घे.

तुझा दादा