यार्डातली जागा

७ मार्च २००६, ग्रोनिंगन
जागा मला! हेंक सरांनी वर्कशॉपमध्ये सगळ्यांसमोर सांगितलं. जहाजांच्या यार्डाला आमच्या वेल्डिंगच्या वर्गातून एकच माणूस हवा होता. चार दिवस यार्डात काम, पगारी, एक दिवस शाळा. मग वरची लेव्हल, मग पाइपचं वेल्डिंग. औरंगाबादच्या आयटीआयला एकटी मुलगी होते, इथेही एकटीच. पण जागा मला.
बर्टने स्क्रॅपच्या बादलीला लाथ घातली. चाळिशीचा गडी, त्याच यार्डात कित्येक वर्षं होता. स्वस्तात माणसं मिळाल्यावर त्याला काढलं, म्हणून सर्टिफिकेटसाठी पुन्हा शाळेत. म्हणाला, "आधी पोलंडवाले. आता ही."
नवऱ्याला, मिलिंदला, लॅबमध्ये फोन केला. "अरे वा," म्हणाला. मागे कुणाशी तरी बोलत होता.

२१ मार्च
पालथी पडून लिहितेय.
डोक्यावरचा, ओव्हरहेड जोड करत होते. तोंडावरची काळी शिल्ड खाली, म्हणजे आजूबाजूचं काही दिसत नाही. कुणीतरी मागून कॉलर ओढली आणि वेल्डिंग रॉडचं लालभडक थोटूक आत टाकलं. पाठीवरून कमरेपर्यंत. मी जनावरासारखी ओरडले. जॅकेट निघेना. वळले तर बर्ट, हातात चिमटा, हसत होता.
जोडावरची खपली, स्लॅग, काढायची हातोडी माझ्या हातात होती.
एकदा मारली. गालावर. हाड मोडल्याचा आवाज आला. तो गुडघ्यावर बसला, तरी मी पुन्हा उचलली. हेंक सरांनी मागून कवळा घातला नसता तर...
बरं वाटलं. हे कुणाला सांगणार नाही. मारताना बरं वाटलं.

२२ मार्च
पाठ म्हणजे एक लांब फोड. पालथीच झोपले. पोलिसांकडे दोघांच्याही तक्रारी. त्याच्या गालात धातूची पट्टी बसवणार म्हणे.
मिलिंद (मि.) खोलीत येरझाऱ्या घालत होता.
"वैशू, हातोडी? माणसाच्या तोंडावर?"
"त्याने मला जाळलं."
"तक्रार करायची होतीस! आपल्या व्हिसाचं काय?"
पाठीवर मलम मात्र त्यानेच लावलं. लावताना रडत होता.
आईला फोन केला. सगळं ऐकून घेतलं तिने. "मेला का तो?"
"नाही गं."
"मग रडतेस कशाला? जेवलीस का?"

२७ मार्च
पोलिसांचं मिटेपर्यंत शाळा दोघांनाही बंद. हेंक सर घरी आले, कॉफी घेतली, आधी हवेवर बोलले. मग: "यार्डाचा फोरमन विचारत होता. त्याला तुझा जोड आवडलाय. पण भांडण नकोय. ईस्टरपर्यंत थांबतो म्हणाला." जाताना दारात, "पहिला फटका मला कळला, वैशाली. दुसऱ्यासाठी हात का उचललास?"
मी कॉफीचे कप विसळायला घेतले.

३ एप्रिल
मि.ला मारलं. मला नाही, त्याला.
संध्याकाळी लॅबमधून येताना, आमच्याच बिल्डिंगच्या सायकल-शेडमध्ये. दोघंजण. आधी सायकलवरून ओढलं, मग लाथा. चष्मा चुरा, पुढचा दात गेला, दोन बरगड्या. ज्याने आयुष्यात कुणाच्या 'अरे'ला 'का रे' म्हटलं नाही, त्याला. त्याला डच येत नाही, पण एक वाक्य बरोबर कळलं, "बायकोला घरात ठेव."
चेहरे दिसले नाहीत. टोप्या होत्या.
हॉस्पिटलात माझा हात धरून म्हणाला, "सोड ती जागा." मग थोड्या वेळाने, रक्त थुंकून, "नको सोडू." काय ते ठरव रे बाबा.

८ एप्रिल
दुपारी बेल वाजली. मि. गोळी घेऊन झोपलेला. दारात बर्ट. अर्धा चेहरा जांभळा, डोळा बारीक. मी कांदा चिरत होते, सुरी हातातच राहिली. त्याने सुरीकडे पाहिलं, पण मागे सरला नाही.
"तक्रार मागे घेतली मी. तूही घे."
"माझ्या नवऱ्याला कुणी मारलं?"
त्याने जिन्याकडे वळून पाहिलं. मग म्हणाला, "मेहुणा माझा. आरेंड. मी सांगितलं नव्हतं त्याला."
"थांबवलंस?"
"नाही." आणि मग, "तो यार्डातच आहे, फिटर. तू जाणार असशील तर माहीत असावं."
सुरी घट्ट धरली होती मी. त्याच्या दुसऱ्या गालाकडे बघत होते. दार लावलं. कांदा तसाच.
मि. उठल्यावर विचारलं, कोण होतं? पोस्टमन, म्हटलं.

१२ एप्रिल
माझी तक्रार मागे. फोरमनचा फोन, मंगळवारी ये.
१४ एप्रिलच्या जयंतीला रायस्वाइक गावातले आपले लोक बोलावतायत. मि. नको म्हणतो, हे तोंड घेऊन कुठे जाऊ. त्याची पोलिसात गुरुवारी पुन्हा तारीख, म्हणजे २०ला. काही आठवलं तर सांगा म्हणालेत. त्याला काहीच आठवत नाही. नाव मला माहीत आहे.
सांगितलं तर जागा गेली. नाही सांगितलं तर?

१८ एप्रिल
पहिला दिवस. जहाजाच्या पोटातल्या टाकीत काम, जेमतेम ओणवं बसता येईल एवढी जागा. फिटरने पत्रा धरायचा, मी वेल्डिंगचे टाके मारायचे. फोरमन म्हणाला, "हा आरेंड, तुझा जोडीदार."
जाड मनगटं. लग्नाची अंगठी. हात पुढे केला त्याने. मी ग्लव्ह न काढता मिळवला. मी कोण ते त्याला ठाऊक होतं, पण त्याने काय केलं ते मला ठाऊक आहे, हे त्याला माहीत नव्हतं.
त्याने पत्रा धरला. उघड्या चेहऱ्याने, माझ्या रॉडपासून वीतभर अंतरावर. मी काही न बोलता आर्क पेटवला असता तर त्या प्रकाशाने त्याचे डोळे भाजले असते. रॉड उचललेला होता. किती वेळ, कळलं नाही.
"डोळे मीट," मी म्हटलं.
त्याने मान वळवली. टाका मारला. मग दुसरा. दिवसभर हेच.
घरी मि.ने भात लावला होता, वाकता येत नाही तरी. "कशी आहेत तिथली माणसं?" दात नसल्यामुळे त्याचा 'स' अजून उडतो.
मी ताट घेतलं. परवा गुरुवार, मि.ची पोलिसातली तारीख. उद्या पुन्हा त्याच टाकीत, त्याच्याच बरोबर.
"सांग ना," मि. म्हणाला.